व्हाउचरवर सही कोणाची?



बडोद्यात, बेळगावात, हैदराबादेत, दिल्लीत, जिथे कुठे बसून तुम्ही हे ऐकत असाल, तिथल्या सगळ्यांना माझा नमस्कार. मी इंदूरहून बोलतोय. निवृत्तीनंतर आम्ही इथेच स्थायिक झालो. पण घर अजून सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात आहे. धाकटा भाऊ आणि त्याचं कुटुंब तिथली शेती बघतात.

यंदाच्या दिवाळीत गावी गेलो होतो. संध्याकाळी पडवीत सगळे बसलो होतो. धाकट्या भावाची बायको चहा घेऊन आली आणि कप हातात देता देता म्हणाली, "दादा, तुमी मोबाईलवर आमच्या पंधराशेच्या इरोधात बोलता म्हणं." मी म्हटलं, अगं, तुझ्या पंधराशेच्या विरोधात नाही, सरकारच्या उधळपट्टीच्या विरोधात. तिने शांतपणे विचारलं, "बरं. तुमाला पेन्शन किती येती?"

सगळी पडवी हसली, मीही हसलो. पण खरं सांगतो, उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा का होईना, नीट द्यावं म्हणून.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की कर्नल गोलमाल बोलले. मी जुन्या विचारांचा माणूस आहे. आपल्या कष्टाने मिळवावं, अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, या गोष्टी मला आजही पटतात. सरकार म्हणजे मायबाप हे मला मान्य नाही. सरकार हा कारभारी आहे. पैसा त्याचा नाही, तुमचा-माझा आहे. आणि कारभाऱ्याने हिशेब दिला पाहिजे. यात पक्ष कोणता हा मुद्दाच नाही, कारण आज जे सांगणार आहे त्यात सगळ्याच पक्षांची सरकारं आहेत.

मी सैन्यात होतो म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. माझी नोकरी रसदीच्या खात्यात गेली. आर्मी सर्व्हिस कोर. जवानाला आटा, डाळ, साखर, तेल, गाड्यांना पेट्रोल, हे वेळेवर पोचवायचं. तिथे पहिला धडा असा की कोठारातून एक पोतं बाहेर गेलं तर त्याचं व्हाउचर हवं. कोणी दिलं, कोणी घेतलं, कोणाच्या हुकमाने दिलं, आणि खाली सही.

कॅप्टन असताना मी एकदा चूक केली. शेजारच्या युनिटमधून फोन आला, माझ्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याचा. "सहा पोती साखर पाठव, व्हाउचर उद्या येईल." मी पाठवली. व्हाउचर उद्या आलं नाही, परवा आलं नाही, आणि तो अधिकारी बदलून गेला. तीन महिन्यांनी साठा मोजायला बोर्ड बसला, सहा पोती कमी. फोनवरचा हुकूम कोण मानणार? साखरेची किंमत माझ्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापली गेली. नवीन लग्न झालेलं होतं. बायकोला काय सांगितलं ते इथे सांगत नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. माल देणाऱ्याला वाटतं आपण उपकार केले, घेणाऱ्याला वाटतं मिळाला. पण ज्या पोत्याच्या व्हाउचरवर सही नसते, त्याचे पैसे शेवटी अशा माणसाच्या खिशातून जातात, ज्याला कोणी विचारलेलंच नसतं.

आता राज्यांकडे येऊ.

महाराष्ट्रात जून 2024 मध्ये 'माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिना 1500 रुपये. वर्षाचे 18 हजार. अडीच कोटी बहिणी धरल्या तर 45 हजार कोटी होतात, आणि सरकारचा स्वतःचा अंदाजही 46 हजार कोटींचाच होता. निवडणुकीत एका बाजूने 2100 चं वचन दिलं, तर दुसऱ्या बाजूने 3000 चं. लिलावात बोली लागते तशी बोली लागली. मध्य प्रदेशात आमच्याकडे 'लाड़ली बहना' 2023 मध्येच आली होती. सुरुवात 1000 ने झाली, मग 1250, मग 1500. कर्नाटकात 'गृहलक्ष्मी'चे 2000, तामिळनाडूत 1000, झारखंडमध्ये 1000 वरून थेट 2500. गोव्यात तर 'गृह आधार' 2012 पासून आहे. म्हणजे हे कोणा एका पक्षाचं पाप नाही, आणि पुण्यही नाही.

आता महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पातले आकडे बघा. महसुली जमा सुमारे 5 लाख 61 हजार कोटी. महसुली खर्च सुमारे 6 लाख 7 हजार कोटी. महसुली तूट 45,891 कोटी. महसुली खर्च म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, रोजचा घरखर्च. त्यालाच कमाई पुरत नाही, म्हणून उधारी. घर बांधायला कर्ज काढणं समजू शकतो. किराणा भरायला कर्ज काढणं हे वेगळं प्रकरण आहे. त्याच अर्थसंकल्पात वर्षअखेरचं राज्याचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असं मांडलं होतं.

आता मी एकतर्फी बोलणार नाही. महाराष्ट्र दिवाळखोर नाही. राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तुलनेत हे कर्ज 20 टक्क्यांच्या आत आहे, मोठ्या राज्यांमध्ये ही स्थिती बरीच चांगली. आणि तूट सगळी लाडक्या बहिणीमुळे झाली असं म्हणणंही खोटं ठरेल. पगार, पेन्शन आणि व्याज या तिघांतच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो, आणि ती यादी बहिणीच्या आधीपासूनची आहे.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. पैसे आधी वाटले आणि यादी नंतर तपासली. जुलै 2025 मध्ये सरकारनेच सांगितलं की 26 लाखांच्या वर लाभार्थी अपात्र असल्याचा संशय आहे. त्यात 14 हजारांवर पुरुष निघाले. बहिणीच्या योजनेत पुरुष! दोन हजारांवर सरकारी कर्मचारी स्त्रियाही निघाल्या. सैन्यात वाटपाआधी मोजदाद होते. इथे निवडणुकीआधी वाटप झालं आणि निवडणुकीनंतर मोजदाद. आता त्या मोजदादीचा त्रास कोणाला? आमच्या घरातल्या बाईला. ई-केवायसीसाठी ती तीन वेळा तालुक्याला गेली. अंगठा उमटत नाही, कारण शेतात काम करून बोटांच्या रेषा पुसल्या आहेत. आणि ज्यांनी मुद्दाम खोटी माहिती भरली, ते केव्हाच घेऊन मोकळे झाले.

दुसरं, हा पैसा येतो कुठून? मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे 335 कोटी या योजनेकडे वळवले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचं म्हणणं असं की ते पैसे त्याच समाजातल्या बहिणींना जातात, मग बिघडलं कुठे. ठीक आहे. पण वसतिगृहात राहणारा जो मुलगा आहे, त्याला कोणी विचारलं का? त्याच वर्षी राज्यातले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आले. रस्ता झाला, पाण्याची टाकी झाली, बिल पडून. छोट्या कंत्राटदाराने सिमेंट उधारीवर घेतलेलं असतं, मजुराला मात्र शनिवारी रोख द्यावी लागते. यालाच आपल्याकडे म्हणतात, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

आता पंजाबात चला. 1997 साली माझी बदली फिरोजपूरला झाली होती. त्याच वर्षी तिथल्या सरकारने शेतीपंपांची वीज सर्वांसाठी मोफत केली. शेतकरी खूष होता, मीही शेतकऱ्याचाच मुलगा, मलाही बरं वाटलं. मग हळूहळू दिसायला लागलं. मोटारीला ऑटोमॅटिक स्टार्टर बसवलेला. वीज आली की मोटार आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला. पाणी भाताच्या खाचरातून ओसंडून रस्त्यावर. बिलच नाही, तर बंद करायला कोण उठणार?

आज पंजाबात जमिनीत जेवढं पाणी दरवर्षी मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. 2009 मध्ये कायदा करावा लागला की ठरावीक तारखेच्या आधी भाताची लावणी करायची नाही. वीज अनुदानाचं ओझं वर्षाला 20 हजार कोटींच्या घरात आहे आणि कर्जाचं प्रमाण देशातल्या मोठ्या राज्यांमध्ये सर्वांत वरच्या रांगेत. आणि फायदा कोणाला झाला? ज्याची जमीन मोठी, पंप जास्त, त्याला सर्वांत जास्त. ज्याच्याकडे जमीन नाही, मोटार नाही, त्या मजुराला काय मिळालं? काही नाही. गरिबाच्या नावाने सुरू झालेली सवलत अशी सरकत सरकत वर जाते.

महाराष्ट्राने 2004 च्या निवडणुकीआधी हीच घोषणा केली होती. निवडणूक झाली आणि 2005 मध्ये ती मागे घ्यावी लागली. आता 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज पुन्हा मोफत आहे, सुमारे 44 लाख शेतकऱ्यांना. खर्च वर्षाला 14 हजार कोटींच्या वर. माझ्या भावाचंही बिल शून्य येतं. पण त्याच राज्यात सौर कृषिपंपाची योजनाही आहे, तिथे साधारण शेतकरी दहा टक्के भरतो, बाकी सरकार भरतं. ती मला पटते. दहा टक्के का होईना, माणसाच्या खिशातून गेले की वस्तू त्याची होते. तो तिला जपतो. आणि सरकारने एकदा खर्च केला की पंप पुढची कित्येक वर्षं चालतो. दरसाल अनुदान ओतावं लागत नाही.

कोणी म्हणेल, कर्नलसाहेब, तुम्हाला गरिबी माहीत नाही. माहीत आहे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या माण तालुक्यात विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने गेली. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी शाळेतून आलो की तिच्यासाठी पाणी घेऊन जायचो. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी. ती भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तिने आम्हाला जगवलं.

त्याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती मांडली, 1977 मध्ये कायदा झाला, आणि पुढे देशाने तोच धडा घेऊन 2005 मध्ये आपला कायदा केला. मागेल त्याला काम. आता त्यातली एक गोष्ट लोक विसरले आहेत, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी नुसतं 'देऊ' म्हटलं नाही, 'कोण देणार' हेही सांगितलं. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांनी आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर बघावं. महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. ती ओळ त्यासाठीच आली. शहरातला नोकरदार भरेल, सरकार तेवढीच भर घालेल, आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला काम मिळेल. ज्याच्या खिशातून जायचं त्याला ते माहीत होतं. ज्याला मिळायचं तो घाम गाळून घेत होता. आणि मागे पाझर तलाव, बांध, रस्ते राहिले. पुढे त्या निधीतला पैसा पडून राहिला, इकडेतिकडे वळवला गेला, हेही झालं. पण मूळ मांडणी प्रामाणिक होती. व्हाउचरवर सही होती.

आमच्या गावाजवळचा पाझर तलाव अजून आहे. आईने फोडलेली खडी कोणत्या रस्त्यावर पडली हे मला दाखवता येतं.

आता वळतो भावजयीच्या प्रश्नाकडे. "तुमाला पेन्शन किती येती?"

येते, आणि चांगली येते. 'वन रँक वन पेन्शन'साठी 2015 मध्ये आम्ही माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसलो होतो. मीही दोन दिवस जाऊन आलो. नोव्हेंबर 2015 मध्ये आदेश निघाला, 1 जुलै 2014 पासून लागू. मागणी न्याय्य होती असं मी आजही म्हणतो. जवान पस्तीस-चाळिशीत घरी जातो, मुलं शाळेत असतात, त्याला दुसरा कोणताही सरकारी नोकर एवढ्या लवकर घरी जाऊन जगत नाही. पण जंतरमंतरवर बसलो असताना, हे पैसे कुठून येणार, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. आज मी दुसऱ्यांना जो प्रश्न विचारतोय, तो तेव्हा मला सुचला नाही, कारण पैसे माझ्याकडे येत होते.

2025-26 मध्ये देशाचा संरक्षण खर्च 6 लाख 81 हजार कोटी. त्यातले 1 लाख 60 हजार कोटी पेन्शनचे. तोफा, विमानं, जहाजं नव्हेत, पेन्शन. मग जून 2022 मध्ये अग्निपथ आली. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना कायम ठेवणार, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांची एकरकमी सेवानिधी, पेन्शन नाही. सरकारने सैन्य तरुण करायचं असं कारण दिलं, आणि ते कारण खोटं नाही. पण वाढत्या पेन्शनचा भार त्यामागे नव्हता असं मला कोणी सांगू नये. मी रसदीचा माणूस आहे, मला बेरीज येते.

माझ्या भावजयीचा नातू अग्निवीर आहे. 2023 मध्ये भरती झाला. मला 'आबा' म्हणतो. सुट्टीवर आला की माझ्या जुन्या फोटोंसमोर उभा राहतो. मी ज्या वर्दीत तीस वर्षं काढली, तीच वर्दी. मला आयुष्यभराची पेन्शन, त्याला चार वर्षांनी काय, ते त्यालाही ठाऊक नाही. माझं बिल कोण भरणार असा प्रश्न मी विचारला नव्हता. उत्तर माझ्याच घरात निघालं.

हेच नोकरशाहीत झालं. केंद्रात 1 जानेवारी 2004 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतरच्यांची. मोठ्यांचं तसंच राहिलं, जे अजून रांगेतही नव्हते त्यांचं कापलं. हिमाचलने 2023 मध्ये जुनी पेन्शन परत आणली. टाळ्या मिळाल्या. आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्याच राज्यात पगार पाच तारखेला आणि पेन्शन दहा तारखेला द्यावी लागली. पेन्शनचा हप्ता दहा दिवस पुढे गेला की म्हाताऱ्या माणसाच्या औषधांचं काय होतं, हे तिथल्या लोकांना विचारा. नुसत्या एका पेन्शनमुळे हे झालं असं नाही, तिथली अडचण जुनी आहे. पण तिजोरीत नसताना वचन दिलं की ते वचन पहिल्या तारखेला उघडं पडतं.

म्हणून माझं म्हणणं योजना बंद करा असं नाही. इंदूरला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या खात्यात लाड़ली बहनाचे पैसे येतात. त्यांचा नवरा पितो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावाने येणारा पैसा त्यांच्याच हातात राहिला, त्यातून मुलीच्या शिकवणीची फी जाते. हे मी डोळ्यांनी बघतो, नाकारत नाही. माझ्या मागण्या तीन आहेत, तिन्ही कोठाराच्या नियमातल्या.

पहिली. योजना जाहीर करताना त्याच दिवशी एक पान जाहीर करा. वर्षाचा खर्च किती, तो कोणत्या करातून, की कोणत्या खात्याचा कापून, की कर्ज काढून. 1975 मध्ये जमलं, आज का जमू नये?

दुसरी. यादी आधी, वाटप नंतर. आणि दर तीन वर्षांनी विधिमंडळात फेरविचार. जी योजना आपलं काम करते ती टिकेल. जी करत नाही ती थांबवण्याची हिंमत ठेवा.

तिसरी. सैन्यात अधिकारी बदलून जाताना चार्ज देतो. कोठारात काय आहे, काय कमी आहे, कोणाचं देणं बाकी आहे, सगळं लिहून, दोघांच्या सह्या. सरकारनेही निवडणुकीआधी असा चार्ज लोकांना द्यावा. कर्ज किती, थकलेली बिलं किती, महामंडळांच्या नावाने काढलेल्या कर्जांना दिलेली हमी किती. मग मतदार ठरवेल.

आणि आमदारांना विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात माजी आमदाराची पेन्शन 50 हजारांपासून सुरू होते आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला 2 हजारांची भर पडते. पंजाबने 2022 मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' असा कायदा केला. पंजाबवर मी एवढी टीका केली, तर हे श्रेयही त्यांना दिलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात भावजयीला फोन केला. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. पेन्शनचा आकडा सांगितला, रुपयासकट. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, मला पंधराशे, तुमाला एवढी. आन पोराला?" मी म्हटलं, तेच तर विचारतोय सरकारला. ती म्हणाली, "सरकारला कशाला, आपुनच तर घेतलंय."

आठवी शिकलेली बाई आहे. तिने मला पुन्हा एकदा गप्प केलं. तिचे पंधराशे तिने घ्यावेत, मी माझी पेन्शन घेईन. पण पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून काही देऊ केलं, तर टाळी वाजवण्याआधी तुम्ही-मी एवढं विचारू या, की व्हाउचरवर सही कोणाची. आणि ती सही आपल्या नातवाची असेल, तर टाळी वाजवू नये.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.